भरपाईचा हिशोब

ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी बंद करणारा कायदा केला हे आपण सगळे शाळेत शिकलो. त्या कायद्यात पैशांचेही एक कलम होते, ते पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. दोन कोटी पौंडांची भरपाई द्यायचे त्यात ठरले आणि ती मिळाली मालकांना. सरकारच्या तेव्हाच्या वार्षिक खर्चाच्या जवळजवळ चाळीस टक्के भरेल एवढी ही रक्कम. तिजोरीत इतका पैसा नव्हता, म्हणून नेथन रॉथशील्ड आणि मोझेस माँटेफिओरे यांच्यामार्फत दीड कोटींचे कर्ज उभारले गेले. पुढे ते कर्ज इतर सरकारी रोख्यांत मिसळत गेले आणि त्याची शेवटची फेड २०१५ साली झाली. भरपाईसाठी हात पुढे करणाऱ्यांत मोठे मळेवाले होते, तशा इंग्लंडच्या लहान गावांत राहणाऱ्या विधवा होत्या, धर्मोपदेशकही होते. ज्यांच्या सुटकेसाठी कायदा झाला त्या सुमारे आठ लाख माणसांना मात्र एक पैही मिळाली नाही. उलट त्यांनी ‘उमेदवार’ म्हणून आणखी काही वर्षे त्याच मळ्यांवर, आठवड्यातले बहुतेक कामाचे तास बिनपगारी राबावे, अशी सोय करून ठेवली होती. ती १८३८ मध्ये गुंडाळावी लागली.

लिव्हरपूलचा व्यापारी जॉन ग्लॅडस्टन याला अडीच हजारांहून अधिक गुलामांपोटी एक लाख पौंडांच्या वर रक्कम मिळाली. मोकळे झालेले मजूर आता आपल्या मळ्यावर टिकतील याचा त्याला भरवसा नव्हता. त्याने कलकत्त्याच्या व्यापारी पेढीला पत्र लिहून हिंदुस्थानातून करारावर माणसे मागवली. १८३८ च्या मे महिन्यात ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजे ब्रिटिश गयानाच्या किनाऱ्याला लागली, आणि कॅरिबियनमधल्या गिरमिटियांची कहाणी सुरू झाली. याच ग्लॅडस्टनचा मुलगा विल्यम पुढे चार वेळा पंतप्रधान झाला आणि आपल्याकडच्या मवाळांनी त्याच्या उदारमतवादाकडे मोठ्या आशेने पाहिले. आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो: ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख या कायद्यातून वगळला होता.

आधुनिक ब्रिटनच्या इतिहासाची ओळख करून देताना मी गिरणीच्या भोंग्यापासून किंवा व्हिक्टोरिया राणीपासून सुरुवात केली नाही, याला कारण आहे. मराठी वाचकाच्या मनात ब्रिटनची दोन चित्रे एकाच वेळी नांदतात. एक राज्यकर्त्याचे, लुटारूचे. दुसरे गुरूचे: तिथे क्रांती झाली नाही, रक्त सांडले नाही, समंजस लोकांनी संसदेत बसून एकेक सुधारणा केली. लोकहितवादींपासून रानडे-गोखल्यांपर्यंत अनेकांना या दुसऱ्या चित्राने बळ दिले. दादाभाई नवरोजी १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या पाच मतांनी निवडून आले, तेव्हा ते चित्र खरे वाटणे स्वाभाविकही होते. जहालांनी पहिले चित्र उचलून धरले. पण ब्रिटिश समाज आतून कसा बदलला, तो बदल कोणाच्या खिशातून गेला, हा प्रश्न दोघांच्याही कामाचा नव्हता. तो या पुस्तकाचा प्रश्न आहे.

माझे म्हणणे एवढेच की ब्रिटनमध्ये मोठा बदल होताना ज्यांचे नुकसान होणार त्यांच्यापैकी वजनदारांना भरपाई देऊन बाजूला केले जाते. ज्यांना वजन नाही त्यांना उपदेश मिळतो, किंवा शिस्त. फ्रान्ससारखी उलथापालथ तिथे झाली नाही याचे श्रेय राष्ट्रीय स्वभावाला देण्याची पद्धत आहे. मला त्यात हिशोबी व्यवहाराचा वाटा मोठा दिसतो. मात्र हा व्यवहार कोणी खोलीत बसून रचलेला कट नव्हता. प्रत्येक वेळी बाहेर रस्त्यावर कोणीतरी उभे होते म्हणूनच आत हिशोब मांडला गेला.

संसदेतली जागासुद्धा तेव्हा मालमत्ताच समजली जात असे. आयर्लंडची संसद मोडून तो देश १८०१ मध्ये ब्रिटनला जोडला गेला, तेव्हा रद्द झालेल्या प्रत्येक आयरिश मतदारसंघाच्या ‘धन्या’ला पंधरा हजार पौंड मोजून दिले. धाकट्या पिटने त्याआधीच, १७८५ साली, इंग्लंडमधले ओसाड मतदारसंघही पैसे देऊन विकत घ्यावेत अशी योजना मांडली होती, पण ती फेटाळली गेली. ओल्ड सेरम नावाच्या टेकाडावर वस्ती नव्हती, खासदार मात्र दोन होते. मँचेस्टरला लाखाच्या वर लोक आणि स्वतःचा खासदार एकही नाही. त्या मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात १६ ऑगस्ट १८१९ रोजी मताधिकार मागायला साठ हजारांच्या आसपास माणसे जमली. बायकामुले सणासारखे कपडे घालून आली होती. त्यांच्यावर घोडेस्वार तलवारी उपसून गेले. पंधरा-अठरा माणसे मेली, शेकडो जखमी झाली. वॉटर्लूची लढाई चारच वर्षांपूर्वी झाली होती, म्हणून लोकांनी या कत्तलीला ‘पीटर्लू’ नाव दिले.

तेरा वर्षांनी संसद सुधारणेचा कायदा झाला. त्याआधी उमरावांच्या सभागृहाने तो फेटाळल्यावर ब्रिस्टल पेटले होते, नॉटिंगहॅमचा किल्ला जाळला गेला होता, आणि १८३२ च्या मे महिन्यात लोक बँकांतून सोने काढून घेऊ लागले होते. या वेळी मतदारसंघांच्या धन्यांना भरपाई देण्याची भाषा कोणी केली नाही. माझ्या सूत्राला हा ठळक अपवाद आहे, आणि तो का घडला हे पाहण्यासारखे आहे. भरपाई देण्याइतका वेळच उरला नव्हता. तरीही कायद्याने काय दिले? इंग्लंड-वेल्समधल्या साधारण पाचांपैकी एका प्रौढ पुरुषाला मत. दहा पौंड भाड्याच्या घराची अट ठेवल्याने दुकानदार आणि गिरणीमालक आत आले. मैदानावर तलवारी झेलणारे बहुतेक बाहेरच राहिले. शिवाय मतदार म्हणजे पुरुष हे कायद्याच्या शब्दांत प्रथमच बसवले गेले.

दाराच्या आत आलेल्या या नव्या वर्गाने दोन वर्षांत गरिबांचा कायदा बदलला. १८३४ पूर्वी गावातला अडलेला माणूस आपल्या पॅरिशकडून, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या करातून, थोडीफार मदत मागू शकत होता. नव्या कायद्याचा रोख असा की धडधाकट माणसाला मदत हवी तर त्याने वर्कहाउसमध्ये यावे, आणि तिथले जिणे बाहेरच्या सर्वांत हलाखीच्या मजुरापेक्षाही वाईट असावे. नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या, मुले तिसऱ्या. गणवेश, मोजून दिलेले अन्न, दगड फोडणे. अँडोव्हरच्या वर्कहाउसमध्ये खतासाठी हाडे कुटण्याचे काम होते. भुकेने हैराण झालेली माणसे त्या हाडांना चिकटलेले कुजके मांस आणि आतला मगज खात होती, हे १८४५ साली उघडकीला आले आणि संसदेची चौकशी बसली. मेल्यावर वर्कहाउसच्या खर्चाने पुरले जाऊ नये म्हणून दर आठवड्याला पेनी-पेनी टाकून अंत्यविधीचा विमा भरणारी कुटुंबे पुढची साठ-सत्तर वर्षे इंग्लंडभर होती. या भीतीचा अंदाज आल्याशिवाय १९४५ सालच्या निवडणुकीतला लोकांचा कौल कळत नाही, म्हणून या पुस्तकात वर्कहाउसला मी बरीच जास्त पाने दिली आहेत.

हातमागवाल्यांना तर वर्कहाउसएवढेही लक्ष मिळाले नाही. लँकेशरमध्ये आणि यॉर्कशरमध्ये दोन लाखांहून अधिक हातमाग विणकर होते. यंत्रमाग आले आणि त्यांची मजुरी वर्षागणिक घसरत गेली. किमान मजुरी बांधून द्या, ही मागणी जॉन फील्डन या गिरणीमालक खासदारानेच संसदेत लावून धरली, ती फेटाळली गेली. मग राजनियुक्त आयोग बसला. १८४१ मध्ये त्याने जे सांगितले त्याचा अर्थ इतकाच होता: सरकार काही करू शकत नाही, धंदा सोडा. त्याच यंत्रमागांवरचे कापड आपल्याकडे उतरले, तेव्हा इथल्या साळ्या-कोष्ट्यांवर काय वेळ आली हे मराठी वाचकाला सांगायला नको. तिकडच्या विणकराची गत त्याच कथेचा आधीचा भाग आहे, हे मात्र आपण क्वचितच लक्षात घेतो.

गिरण्यांतल्या मुलांसाठी १८३३ चा फॅक्टरी कायदा झाला: नऊ वर्षांखालील मुलांना कापडगिरणीत घ्यायचे नाही, तेरापर्यंतच्यांना आठवड्याला अठ्ठेचाळीस तासच. सगळ्या देशासाठी निरीक्षक किती? चार. तरीही हा कायदा पुढच्या सगळ्या कामगार कायद्यांचा पाया ठरला, आणि त्याचे एक टोक मुंबईपर्यंत येते. १८७० नंतर मुंबईच्या गिरण्या सूत स्वस्तात काढू लागल्या, तेव्हा हिंदुस्थानातही कामाच्या तासांवर बंधन हवे असा आग्रह लँकेशरच्या मालकांनी धरला. त्यांना अचानक आलेला हा कळवळा स्पर्धेपोटी होता. पण १८८१ चा इथला पहिला फॅक्टरी कायदा आला खरा, आणि तो अपुरा आहे म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या हजारो सह्यांचे निवेदन १८८४ मध्ये फॅक्टरी आयोगापुढे ठेवले. हेतू खोटा असूनही कायदा उपयोगी पडला, अशी उदाहरणे या इतिहासात जागोजाग भेटतील.

१८३२ नंतरही मताबाहेर राहिलेल्या कामगारांच्या चळवळीच्या, म्हणजे चार्टिस्टांच्या, सनदेत सहा मागण्या होत्या. सर्व प्रौढ पुरुषांना मत, गुप्त मतदान, सारखे मतदारसंघ, खासदाराला पगार, खासदारकीसाठी मालमत्तेची अट नको, आणि दरवर्षी निवडणूक. १८४२ च्या अर्जावर तीस लाखांहून अधिक सह्या होत्या. संसदेने तो विचारातही घेतला नाही. १८४८ मध्ये केनिंग्टनच्या माळावर शेवटची मोठी सभा झाली, चळवळ हरली असे सर्वांनी लिहून टाकले. मग मालमत्तेची अट १८५८ मध्ये गेली, गुप्त मतदान १८७२ मध्ये आले, मतदारसंघ १८८५ मध्ये बऱ्यापैकी सारखे झाले, खासदारांना पगार १९११ मध्ये सुरू झाला, सर्व पुरुषांना मत १९१८ मध्ये मिळाले. सहापैकी पाच मागण्या, सत्तर वर्षांत, हप्त्याहप्त्याने. माझ्या मते हा विजय नव्हे. सनदेवर तरुणपणी सही केलेला विणकर शेवटचा हप्ता पाहायला जिवंत नव्हता.

१८४६ साली रॉबर्ट पीलने धान्य कायदे उठवले. परदेशी धान्यावरची जकात गेली, जमीनदारांची महाग धान्याची हमी गेली. सांत्वनादाखल त्यांना शेतातल्या निचऱ्यासाठी सवलतीची कर्जे मिळाली. त्याच वेळी आयर्लंडमध्ये बटाटा कुजत होता. आयर्लंड वसाहत नव्हते, त्याच राज्याचा, त्याच संसदेचा भाग होते. तिथे दहा लाखांच्या आसपास माणसे उपासमारीने आणि रोगाने मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. बंदरांतून धान्य आणि जनावरे बाहेर जात राहिली. गरिबाला फुकट दिले की तो बिघडतो, हे १८३४ चे तत्त्वज्ञान आयर्लंडमध्ये माणसांच्या जिवावर उठले. पुढे १८७६ च्या दुष्काळात दख्खनेतही त्याच तत्त्वज्ञानाची आवृत्ती निघाली.

शतकाच्या शेवटी वारे फिरू लागले. १८८८ मध्ये लंडनच्या बो भागातल्या आगपेटी कारखान्यातल्या मुलींनी संप केला. त्यांची बाजू जगापुढे आणणारी अ‍ॅनी बेझंट पुढे आपल्या राष्ट्रीय सभेची अध्यक्ष झाली. पुढच्याच वर्षी गोदी कामगारांनी तासाला सहा पेन्स मिळवले. ज्यांना वजन नव्हते त्यांनी एकत्र येऊन ते कमावले, आणि त्यांच्यासाठीही हिशोबाच्या वहीत खाते उघडले गेले. अर्थमंत्री लॉइड जॉर्जच्या काळात, १ जानेवारी १९०९ पासून, सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन सुरू झाले. ते वर्कहाउसच्या दारात मिळत नसे. पोस्टाच्या खिडकीवर मिळे, आणि ही जागा फार महत्त्वाची होती. त्यासाठी जमिनीवर कर बसवायचा म्हटल्यावर उमरावांनी अंदाजपत्रकच अडवले. शेवटी १९११ मध्ये त्यांचा नकाराधिकार कापला गेला. स्त्रियांच्या मताधिकाराचा लढा याच वर्षांतला. त्यात तुरुंगातले उपोषण, नळीने जबरदस्तीने अन्न घालणे, सोडून पुन्हा पकडणे हे सगळे आले. १९१८ मध्ये तिशीपुढच्या काही स्त्रियांना मत मिळाले, पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडले.

दोन महायुद्धांमधल्या वर्षांवर इथे फार लिहीत नाही, त्यावर दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. एकच आठवण देतो. १९३१ नंतर बेकारभत्ता हवा असेल तर अधिकारी घरात येऊन मुलीची कमाई, आजीचे पेन्शन, विकण्याजोगे फर्निचर, सगळे मोजत. या ‘मीन्स टेस्ट’चा राग उत्तर इंग्लंडच्या आणि साउथ वेल्सच्या घराघरांत पुढच्या पिढीपर्यंत टिकला.

१९४५ मध्ये मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या. युद्ध जिंकून देणारा चर्चिल हरला याचे नवल आपल्याकडे अजून केले जाते. वर्कहाउस आणि मीन्स टेस्ट ज्यांनी पाहिली त्यांना त्यात नवल वाटले नसावे. देश तेव्हा दिवाळखोरीच्या काठावर होता. १९४६ च्या अमेरिकन कर्जाचा शेवटचा हप्ता २००६ साली भरला गेला. युद्धात कधी मोजून न मिळालेला पाव शांततेत रेशनवर गेला. अशा अवस्थेत सरकारने कोळसा, रेल्वे, बँक ऑफ इंग्लंड ताब्यात घेतले आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. माझ्या समजुतीने ब्रिटिश इतिहासातले हे सर्वांत मोठे सामाजिक पाऊल आहे. पण वही इथेही उघडी होती. खाणमालकांना सोळा कोटी पौंडांहून अधिक भरपाई मिळाली, तीही अशा धंद्याबद्दल ज्यात त्यांनी वर्षानुवर्षे पुरेशी गुंतवणूक केली नव्हती. त्या भरपाईचे व्याज पुढे सरकारी कोळसा मंडळ भरत राहिले. आरोग्यमंत्री अ‍ॅन्युरिन बेव्हन याने तज्ज्ञ डॉक्टरांना सरकारी रुग्णालयात खाजगी रुग्ण पाहण्याची मुभा देऊन त्यांचा विरोध मोडला. ट्रेडेगर या वेल्श खाणगावात जन्मलेल्या, तेराव्या वर्षी खाणीत उतरलेल्या या माणसाला भरपाईचे गणित कोणाहीपेक्षा चांगले येत होते. पहिल्या काही महिन्यांत कवळ्या आणि चष्मे यांची मागणी इतकी उसळली की सगळे अंदाज चुकले. लोक वर्षानुवर्षे दातांशिवाय, नीट न दिसता जगत होते. त्याच कवळ्या-चष्म्यांवर पैसे आकारायचे ठरले, तेव्हा १९५१ मध्ये बेव्हनने राजीनामा दिला.

ही सेवा चालवायला माणसे हवी होती. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने वसाहतींतल्या लोकांना ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा हक्क मान्य केला होता, आणि त्याच वर्षी जून महिन्यात ‘एम्पायर विंडरश’ जहाज टिलबरीला लागले. जमैकाच्या नर्सेस, बसचालक, आणि पुढे भारत-पाकिस्तानातले डॉक्टर यांच्यावाचून रुग्णालये चालली नसती. मराठी डॉक्टरांची एक अख्खी पिढी त्यात आहे. १९६२ पासून दार लोटले जाऊ लागले. १९७६ मध्ये लंडनच्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात जयाबेन देसाई यांच्या पुढाकाराने साडी नेसलेल्या बायका संपावर बसल्या आणि गोरे खाणकामगार त्यांच्या पाठीशी उभे राहायला आले. संप हरला. पण ज्या युनियन पूर्वी रंग पाहून पाठ फिरवत, त्यांना या दोन वर्षांनी बरेच शिकवले.

मार्गारेट थॅचर यांच्या काळाबद्दल आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात, पूजेचे किंवा शिव्यांचे. वहीच्या नजरेने पाहिले तर चित्र अधिक रंजक आहे. त्यांनी भरपाई आधीच वाटली. १९८० च्या कायद्याने नगरपालिकांच्या चाळीवजा घरांतल्या भाडेकरूंना मोठ्या सवलतीत ती घरे विकत घेता आली. दहा वर्षांत दहा लाखांहून अधिक कुटुंबे घरमालक झाली. टेलिफोन कंपनीचे आणि गॅस कंपनीचे शेअर लोकांनी रांगा लावून घेतले. मिळणाऱ्यांची संख्या एवढी वाढली की गमावणारे एकाकी पडले. १९८४ च्या मार्चमध्ये खाणकामगार संपावर गेले, वर्षभराने बँडच्या तालावर मिरवत हरून परतले. खाण बंद होताना एकरकमी पैसे त्यांनाही मिळाले. पण त्या पैशांतून पुढचे काम उभे राहणार नव्हते, आणि गावात खाणीखेरीज काही नव्हते. नव्या भाड्याच्या घरांसाठी नगरपालिकांचे हात बांधलेले होते. तो हिशोब आज त्या भाडेकरूंची नातवंडे चुकती करत आहेत.

२००८ मध्ये बँका बुडू लागल्या, तेव्हा रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड या एका बँकेत सरकारने पंचेचाळीस अब्ज पौंड ओतले. त्यानंतर दोनच वर्षांनी काटकसरीचे धोरण आले आणि ग्रंथालये, बालकेंद्रे, अपंगांचे भत्ते यांना कात्री लागली.

पुस्तकाचे शेवटचे प्रकरण बेव्हनच्या ट्रेडेगरच्या आसपास फिरते. तिथल्या एब्बू व्हेलचा पोलाद कारखाना २००२ मध्ये बंद झाला. त्यानंतर युरोपीय संघाचा निधी तिथे मोठ्या प्रमाणात आला; रस्ता झाला, महाविद्यालयाची नवी इमारत झाली. आणि २०१६ च्या सार्वमतात त्याच ब्लेनाउ ग्वेंट भागात बासष्ट टक्के लोकांनी युरोप सोडण्याच्या बाजूने मत दिले. वेल्समध्ये एवढे प्रमाण दुसरीकडे कुठे नव्हते. लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्यांना कृतघ्न ठरवले, अडाणी ठरवले. मला ते पटत नाही. पैसा आला होता, पण किती यावा, कशावर खर्च व्हावा, गमावले त्याची किंमत काय, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. १८३३ च्या मळेवाल्यांना मात्र विचारले गेले होते. दोन कोटींचा आकडा त्यांच्याशी घासाघीस होऊनच ठरला होता.